संगणकाची कार्यप्रणाली आणि वापरणाराचा हात

यंत्र बिघडले की दोष चालविणाराला देण्याची आपली रीत आहे. ती सर्वदा न्याय्य असते काय?

संगणकाचे सर्व व्यवहार सांभाळणारी जी मूळ व्यवस्था, तिला कार्यप्रणाली म्हणतात. १९८१ साली आलेल्या एमएस-डॉसमध्ये आज्ञांचा अर्थ लावणारी फाइलसुद्धा कोणासही एका आज्ञेसरशी पुसता येई. विंडोज एनटीने (१९९३) सामान्य वापरकर्ता व व्यवस्थापक यांचे अधिकार निराळे केले. परंतु घरच्या संगणकावर दोन्ही भूमिका बहुधा एकाच माणसाकडे असतात. कुलूप आले, तरी किल्ली त्याच्याच हाती राहिली.

नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चित्रफितीत लिनस सेबॅस्टियन हे तंत्रसमीक्षक ‘पॉप ओएस’वर ‘स्टीम’ हा खेळांचा प्रोग्राम बसवू गेले. पॅकेजांच्या परस्परविरोधामुळे प्रणाली स्वतःचा दर्शनी पडदाच काढावयास निघाली. तिने इशारा दिला, संमतीचे वाक्यही टंकावयास लावले. परंतु इशारा लांबलचक मजकुरात बुडाला होता. वाक्य टंकले गेले आणि पडदा नाहीसा झाला. पुढे पॉप ओएसच्या कर्त्यांनी ही वाट सहजी खुली राहणार नाही, अशी दुरुस्ती केली.

तात्पर्य, वापरणाराने वाचल्यावाचून संमती देऊ नये हे खरेच. पण चूक होणारच हे गृहीत धरून रचना करणे, हे रचनाकाराचे कर्तव्य होय.