चित्रफीत : इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, बखरी आठवतात. चित्रफीत सहसा आठवत नाही. बाबूराव पेंटर यांनी 1925 साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. सावकारी कर्जात जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो, ही त्याची कथा. गिरण्यांच्या सोलापुरात ती किती घरांची कथा आहे, हे वेगळे सांगावयास नको. 1936 साली पेंटरांनीच तिचा बोलपट केला; मूळ मूकपट मात्र नष्ट झाला.

त्या काळची नायट्रेट फीत चटकन पेट घेई, उष्ण दमट हवेत कुजे. शिवाय चांदी काढण्यासाठीही जुन्या फिती विकल्या जात. राजांच्या सनदा जपणाऱ्या समाजाला श्रमिकांचे चित्रण जपावेसे वाटले नाही, हा योगायोग मी मानत नाही.

1964 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून फाळक्यांच्या चित्रपटांसह असंख्य फिती मिळविल्या. तेथे त्या थंड, कोरड्या दालनांत ठेवतात, अभ्यासकांना दाखवितात. मुंबईच्या गुलशन महालात 2019 पासून राष्ट्रीय चित्रपट वस्तुसंग्रहालयही आहे. विद्यार्थ्यांच्या सहलीस ते योग्य.

पुण्याच्या संग्रहात भित्तिपत्रके, छायाचित्रे, गाण्यांच्या पुस्तिकाही जपल्या जातात. आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर शांतारामबापूंनी 1946 साली चित्रपट काढला. त्याची पुस्तिका कोणा माजी विद्यार्थ्याच्या घरी पेटीत पडली असेल, तर ती रद्दीत देऊ नये.