पंखा घोंघावतो म्हणून प्रोसेसरला बांधू नकोस

अगं, लॅपटॉपवर लिनक्स टाकलंस, फार छान केलंस. आता पंखा घोंघावतो म्हणून प्रोसेसरचा वेग कायमचा उतरवून ठेवायचा विचार आहे ना तुझा? त्याआधी थोडं ऐकून घे.

प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या तर वर्गाच्या पटीत. वेग चढवायचा तर व्होल्टेजही चढवावं लागतं, म्हणून अगदी वरचा थोडासा वेग फार महाग पडतो. त्यामुळेच लॅपटॉप तापतो. पण म्हणून वेग तळाला बांधलास, तर तेच काम रेंगाळतं आणि तेवढा वेळ स्क्रीन, मेमरी सगळं वीज खात राहतं. काम चटकन उरकून झोपी जाणारा प्रोसेसर पुष्कळदा स्वस्त पडतो.

कधी किती वेग द्यायचा, हे लिनक्समध्ये गव्हर्नर ठरवतो. ‘परफॉर्मन्स’ वरची मर्यादा धरून ठेवतो, ‘पॉवरसेव्ह’ खालची. ‘ऑनडिमांड’ कामाचा ताण दिसला की एकदम वर जातो, ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ पायरीपायरीने. 2016 साली कर्नल 4.7 मध्ये आलेला ‘शेडयुटिल’ थेट शेड्युलरकडूनच कामाचा अंदाज घेतो.

आता नीट लक्ष दे. तुझा लॅपटॉप इंटेलचा आहे, तेव्हा गव्हर्नरचं म्हणणं प्रोसेसरपर्यंत पोहोचवणारा ड्रायव्हर बहुधा ‘इंटेल पीस्टेट’ असेल. त्याच्या नेहमीच्या पद्धतीत परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह हे दोनच गव्हर्नर दिसतात, आणि तिथला पॉवरसेव्ह वेग तळाला बांधत नाही, गरजेप्रमाणे वरखाली करतो. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी मुलं ‘पॉवरसेव्ह’ पाहून घाबरतात, परफॉर्मन्स लावतात आणि बॅटरी घालवतात. म्हणून आधी ‘सीपीयूपॉवर फ्रीक्वेन्सी-इन्फो’ ही कमांड दे आणि ड्रायव्हर कोणता आहे ते बघ.

रोजच्या वापराला ग्नोम किंवा केडीईच्या पॉवर सेटिंग्जमधला ‘बॅलन्स्ड’ पर्याय पुरतो. चार्जर लावून मोठं कंपाइल करायचं असेल तेव्हाच परफॉर्मन्सवर जा. आणि टीएलपी व पॉवर प्रोफाइल्स डीमन ही वीज सांभाळणारी दोन्ही साधनं एकत्र चालवू नकोस गं. एकाने केलेलं दुसरा बदलतो आणि आपल्याला काही उमगत नाही.

हाताने गव्हर्नर बदललास तरी भिऊ नकोस, रीस्टार्ट केल्यावर तो बदल जातो. मात्र काहीही बदलण्याआधी टर्मिनलमध्ये ‘टॉप’ ही कमांड दे आणि प्रोसेसर कोण खातंय ते बघ. ब्राउझरचा एखादा टॅब अडून बसला असेल, तर तोच बंद करायला हवा. तरीही बदल करावासा वाटलाच, तर एका वेळी एकच कर, काही दिवस नेहमीसारखं काम कर आणि मग ठरव. अडलीस तर विनासंकोच विचार, मी आहेच.