वैशाखातील बाग

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी नृसिंह या नावाचे स्थानक लागते. नृसिंहाच्या मंदिरामुळे हे गाव दूरवर परिचित आहे. वैशाख शुद्ध चतुर्दशीस नृसिंहजयंती येते. त्या दिवसांत ऊन चाळीस अंशांच्या पुढे गेलेले असते, विहिरींनी तळ गाठलेला असतो, आणि नेमकी त्याच वेळी घरोघर फुलांची गरज असते. अशा गावी अंगणात फुलझाडे लावावयाची, तर ती कोणत्या बेताने लावावी?

बालमित्रांनो, आषाढात बाग करणे मुळीच कठीण नाही. खोवली ती काडी तेव्हा फुटते. म्हणून मुले हाती येईल ते रोप लावतात, आणि फाल्गुन सरताच ती रोपे एकामागून एक माना टाकू लागतात. बाग लावावयाची पावसाळ्यात; परंतु आखावयाची ती वैशाखाकडे पाहून. आधी घरात विचारावे, की भर उन्हाळ्यात रोज किती पाणी बागेस देता येईल? एक बादली, असे उत्तर आले असे समजा. आपल्या काळ्या जमिनीत नीट मूळ धरलेल्या झुडपास चार-पाच दिवसांनी एक बादली पुरते. म्हणजे आपली बाग चार-पाच झुडपांची! हे गणित कोणास कंजूषपणाचे वाटेल. पण २०१६ सालच्या एप्रिल महिन्यात शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. अशा वर्षी तांदूळ व भाज्या धुतलेले पाणीच काय ते बागेच्या वाट्यास येते.

झेंडू दरवर्षी नव्याने लावावा लागतो. झुडपाचे तसे नाही. त्याची मुळे वर्षागणिक खोल जातात व त्याची तहान आपणांवर कमी कमी अवलंबून राहते. कण्हेर, जास्वंद, तगर आणि मोगरा ही चार आपल्या हवेस मानवणारी आहेत. पश्चिमेच्या कडेस कण्हेर लावावी. दुपारनंतरचे ऊन व तप्त वारा ती अंगावर घेते. तिच्या पूर्वेस जास्वंद व तगर, आणि सकाळचे ऊन भरपूर मिळेल अशा जागी मोगरा. कण्हेर व जास्वंद यांच्यामध्ये दोन मीटर, तर मोगऱ्याभोवती एक मीटर अंतर सोडावे. रोपे वीतभर असताना हे अंतर हास्यास्पद दिसते. दिसू द्यावे! तिसऱ्या वर्षी फांदी फांदीस भिडते.

आता जमिनीविषयी. पोखर्णीची काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. या एकाच गुणामुळे झाडांवर दोन संकटे येतात. श्रावणात पाणी मुरत नाही, मुळे गुदमरून कुजतात. उन्हाळ्यात भेगांमुळे कोवळी मुळे तुटतात आणि घातलेले पाणी भेगेतून खोल निघून जाते. एप्रिलमध्ये हात-हात लांब, रुंद व खोल खड्डे खणून उन्हात तापू द्यावेत. मग मातीत चांगले कुजलेले शेणखत व पालापाचोळा मिसळून ते भरावेत. मात्र खड्डा जमिनीबरोबर भरला, तर भोवतालच्या चिकण मातीत तो हौदासारखा होतो व त्यात पाणी साचते. म्हणून वीतभर उंचवटा करून त्यावर रोप लावावे व बाजूने चर काढावा. पाऊस सरला, की हाच उंचवटा उतरवून झाडाभोवती आळे करावयाचे. जून आणि ऑक्टोबर अशी ही वर्षातून दोनदा करावयाची उलटापालट काळ्या मातीत टाळता येत नाही.

हिवाळ्यात खुरप्याने वरची माती मोकळी करावी, म्हणजे भेगा बुजतात. शेतकरी कोळपणीस अर्धे पाणी मानतात, ते याच कारणाने. नंतर चार बोटे जाड पाचोळ्याचे आच्छादन घालावे. बुडाशी बारीक छिद्र पाडून त्यात वात बसवलेले मडके झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरले, तर थेंबथेंब पाणी मुळांशी झिरपत राहते.

मोगऱ्याची रीत मात्र निराळी आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्याचे पाणी मुद्दाम तोडावयाचे. यास ताण देणे म्हणतात. पाने पिवळी पडली तरी हात आवरावा. माझ्या मते बागकामातील सर्वांत अवघड काम हेच. जानेवारीत फांद्या छाटून खत घालावे व पाणी सुरू करावे. कळ्या नव्या फुटीवर येतात, आणि उन्हाळाभर ओंजळी भरतात. जास्वंदीवर पांढरा, कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसल्यास आधी पाण्याच्या धारेने धुवावा. तेवढ्याने न भागल्यास लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवून, गाळून शिंपडावी.

कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. तिची फांदी तोंडात धरू नये. छाटल्यावर हात धुवावेत. कापलेल्या फांद्या शेळ्यांच्या वाटेवर टाकू नयेत व जाळूही नयेत. त्या खोल पुराव्यात.

जास्वंद व तगर यांच्या फांद्या पावसाळ्याच्या तोंडी छाटल्या, तर त्या फेकण्याचे कारण नाही. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब काड्या डोळ्याच्या खाली तिरक्या कापून ओल्या, भुसभुशीत मातीत लावाव्यात. महिना-दीड महिन्यात त्या मूळ धरतात. शेजारच्या अंगणात अजून काही लावलेले नसेल, तर त्यांपैकी दोन तिकडे द्याव्यात. मात्र देताना त्यांच्याकडे उन्हाळ्यात किती बादल्या उरतात, ते आधी विचारावे.