एकाचे दोन, दोनाचे चार

गाईला वासरू होते. कोंबडी अंडे घालते. पण ज्या जिवाचे सारे अंग म्हणजे एकच पेशी, त्याची प्रजा कशी वाढते? त्याला नर नाही, मादी नाही. तो स्वतःच दुभागतो.

पेशी म्हणजे शरीराची वीट. आपले अंग अशा असंख्य विटांचे. डबक्यातल्या अमीबाची वीट एकच. तिच्या आत केंद्र असते. अमीबा खाऊन पुरता वाढला, की आधी केंद्राचे दोन भाग होतात. मग अंग मधोमध आवळत जाते. कणकेचा गोळा मधे चिमटावा ना, तसे. शेवटी दोन अमीबा सुटे होतात. यात आई कोण आणि लेक कोण? कुणाला सांगता येणार नाही. आम्ही म्हणतो, आई मेली नाही, ती दोघींत वाटली गेली.

जंतू अमीबाहून फारच लहान. त्यांच्यात केंद्र नसते, पण तेही असेच दुभागतात. हॉलंडातल्या लेव्हेनहूक नावाच्या कापडवाल्याने १६७६ साली स्वतः घासलेल्या भिंगातून ते पाहिले. आपण तर रोज त्यांच्याकडून काम करून घेतो. कोमट दुधात चमचाभर विरजण घातले, की रातोरात जंतू वाढतात आणि दही लागते. थंडीत ते सावकाश दुभागतात, म्हणून दह्याला उशीर होतो.

आता वाईट जंतूचा हिशेब घ्या. आतड्यातला एक जंतू ऊब आणि खाणे मिळाले तर वीस मिनिटांत दुभागतो. तासाभरात एकाचे ८. दोन तासांत ६४. तीन तासांत ५१२. सात तासांत २० लाख ९७ हजार १५२! खोटे वाटते? पाटीवर मांडून बघा. आम्ही जन्मभर पाढे शिकवले, तरी आम्हीही दोनदा मांडून पाहिले.

मग सारी पृथ्वी जंतूंनीच का भरत नाही? त्यांचे खाणे संपते, त्यांचीच घाण साचते, आणि वाढ थांबते.

पण उन्हाळ्यात सकाळचे वरण संध्याकाळपर्यंत उघडे राहिले, तर तेवढा वेळ त्यांना पुष्कळ झाला. दर वेळी वास येतोच असे नाही. ते लेकराला भरवले, तर जुलाब लागू शकतात. फ्रिजच्या थंडाव्याने जंतू मरत नाहीत, फक्त मंदावतात. उकळीने बहुतेक मरतात. मात्र काही जंतू अन्नात विष सोडून ठेवतात. ते विष उकळूनही जात नाही. असे अन्न तापवले तरी खाण्याजोगे होत नाही.