गिटारचा रेडियस: आधी तारेची उंची, मग गोलाई

माजलगावहून शिकायला येणाऱ्या एका मुलाने दिवाळीत ऑनलाइन गिटार मागवली. महिन्याभरात तक्रार सुरू: "सर, एफ कॉर्ड लागतच नाही. मोबाइलवर बघितलं, माझ्या गिटारचा रेडियसच चुकलाय." गिटार मांडीवर घेतली. रेडियस बिचारा निर्दोष होता. नटच्या, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या, खाचा उथळ होत्या, त्यामुळे तारा पहिल्या फ्रेटपासून बऱ्याच वर राहत होत्या. खाचा कानशीने जरा खोल केल्या आणि एफ वाजली.

म्हणून आधी तारेची उंची बघा. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून धरा. पहिल्या फ्रेटवर तिच्याखालून वहीचा कागद जेमतेम सरकला पाहिजे. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा आरामात जात असेल तर नट उंच आहे. दुसरी खूण: पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि दुसऱ्यावर बार धरा. एकदम हलकं वाटलं, तर दुखणं नटचंच. बाराव्या फ्रेटवर अकूस्टिकची जाड तार साधारण २.५ मिमी आणि बारीक तार २ मिमी वर असली की पुरे. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं तळव्याला बोचू लागतात. तेही रेडियसच्या माथी मारू नका. पत्र्याच्या खोलीत गिटार उघडी टांगायची नाही, एवढं पाळा.

आता रेडियस. फ्रेटबोर्ड आडवा बघितला तर मधे किंचित फुगीर दिसतो. तो फुगवटा किती मोठ्या वर्तुळाचा तुकडा आहे, ती त्रिज्या म्हणजे रेडियस. तांब्याचं पोट आणि बैलगाडीच्या चाकाची धाव शेजारी आठवा: वर्तुळ लहान तर गोलाई जास्त. जुन्या फेंडरचा रेडियस ७.२५ इंच, आजच्या बहुतेक फेंडरचा ९.५, गिब्सनचा १२, मार्टिन अकूस्टिकचा १६. क्लासिकल गिटारचा बोर्ड बहुधा सपाटच. ४३ मिमी रुंदीच्या नटपाशी हिशेब केला तर ७.२५ इंचाचा बोर्ड मधे १.२६ मिमी उचललेला असतो आणि १६ इंचाचा ०.५७ मिमी. फरक पाऊण मिलिमीटरहून कमी, पण बोटाला तो कळतो.

गावात चार गिटारी शेजारी ठेवून वाजवायची सोय नसते, तेव्हा मापाचे साचे घरीच करा. पुठ्ठ्याच्या लांब पट्टीला एका टोकाला टाचणी टोचा आणि तिथून १८४, २४१, ३०५ व ४०६ मिमीवर पेन्सिलीच्या टोकापुरती भोकं पाडा. दोरा घेऊ नका, तो ताणतो. प्रत्येक भोकातून लग्नपत्रिकेवर पाच-सहा सेंटिमीटरचा कंस काढा, कापा आणि आत वळलेला तुकडा ठेवा. मित्राच्या गिटारच्या तारा सैल करून तो तुकडा फ्रेटवर आडवा उभा धरा, मागून मोबाइलचा टॉर्च लावा. उजेड दोन्ही कडांना दिसला तर बोर्ड साच्याहून गोल, मधे दिसला तर साच्याहून सपाट. १२ आणि १६ मधला फरक या साच्यावर जरा चाचपडतच कळेल, ७.२५ आणि १६ मधला मात्र लगेच.

निवड हातावर ठरवा. भजन, सिनेमाची गाणी, सगळं कॉर्डवरच असेल तर ९.५ ते १२ माझ्या मते सुखाचं. बोट मुळातच किंचित वाकडं, ते अशा बोर्डावर सहज बसतं. इलेक्ट्रिकवर तार ओढून मींड काढायची असेल तर १२ किंवा त्याहून सपाट घ्या. गोल बोर्डावर तारा खाली आणल्या की ओढलेली तार फुगवट्यावर चढते, पुढच्या फ्रेटला टेकते आणि सूर मधेच गुदमरतो. नवशिक्याने अकूस्टिक घेताना रेडियसपेक्षा नटची रुंदी आणि नेकची जाडी आधी बघावी. लहान मुठीला जाड नेक जास्त छळते.

विक्रेत्याला माप विचारलं की बऱ्याचदा ४३ मिमी असं उत्तर येतं. ती नटची रुंदी झाली. रेडियस इंचात किंवा शेकड्यातल्या मिलिमीटरमध्ये सांगतात. कॅपो घेतानाही रेडियसचा आकडा हाताशी ठेवा. क्लासिकलच्या सपाट बोर्डावर गोल रबराचा कॅपो लावला तर मधल्या तारा खरखरतात, आणि दोष पुन्हा गिटारलाच दिला जातो.