टाकाऊ प्लास्टिकपासून घरगुती प्रकाश सापळा

परभणी जिल्ह्यात वळवाचा पाऊस पडला, की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर निघतात. बांधावरील कडुनिंब, बाभूळ, बोर यांची पाने खातात आणि नंतर माद्या जमिनीत अंडी घालतात. पुढे सोयाबीन, ऊस, हळद पिवळी पडू लागते, तेव्हा अळी मुळाशी असते व औषध तेथवर पोहोचणे अवघड जाते. म्हणून अंडी घालण्यापूर्वीच भुंगेरे पकडावेत. त्यासाठी लागणारा सापळा घरच्या टाकाऊ प्लास्टिकपासून करता येतो.

किडी दिव्याकडे का येतात?
रात्री जमिनीपेक्षा आकाश उजळ असते. उडणारा कीटक उजेडाकडे पाठ ठेवून तोल सांभाळतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की जवळच्या दिव्याकडेही तो पाठच वळवतो आणि त्याभोवती घिरट्या घालत राहतो. वाटेत पारदर्शक पट्टी असली, तर तिला धडकून खाली पडतो.

कृती
१. खाद्यतेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन मधोमध कापावा. वरचा भाग उलटा धरला, की धोत्र्याच्या फुलासारखे, वर रुंद व खाली निमुळते नरसाळे तयार होते. झाकण काढून टाकावे.
२. नरसाळ्यावर मध्यभागी एलईडी दिवा टांगावा. सौर दिवा असल्यास उत्तम. पांढरा, निळसर उजेड पिवळ्यापेक्षा जास्त कीटक ओढतो.
३. पाण्याच्या मोठ्या बाटल्या कापून ३ सपाट पट्ट्या काढाव्यात व दिव्याभोवती पाकळ्यांप्रमाणे उभ्या बांधाव्यात.
४. कॅनचा तळाकडील भाग दिव्यावर छपरासारखा बसवावा.
५. खाली जुन्या टबात पाणी व थोडी धुण्याची पावडर टाकावी. साबणामुळे कीटक तरंगत नाहीत, बुडतात.

वापर
हेक्टरी १ सापळा पिकापेक्षा थोडा उंच लावावा. सायंकाळी ७ ते १० एवढाच वेळ दिवा चालू ठेवावा. रात्रभर ठेवल्यास मित्रकीटकही मरतात. रोज सकाळी कीटक मोजून वहीत नोंद करावी. कपाशीवरील गुलाबी बोंडअळी आणि तुरीवरील शेंगा पोखरणाऱ्या अळीचे पतंग वाढू लागले, की पिकाची पाहणी करून मगच फवारणीचा निर्णय घ्यावा. केवळ सापळ्याने कीड संपत नाही. परंतु अनावश्यक फवारणीचा खर्च वाचतो.

दक्षता
कीटकनाशकाचे डबे यासाठी मुळीच वापरू नयेत. ते तीन वेळा विसळून, विसळलेले पाणी फवारणीच्या टाकीत ओतून, डब्यांना छिद्रे पाडावीत. तापणारा जुना बल्ब लावू नये, प्लास्टिक वितळते. फाटलेला सापळा जाळू नये, भंगारात द्यावा.

एकट्याने सापळा लावल्यास शेजारच्या शेतातील भुंगेरे येतच राहतात. म्हणून पहिल्या पावसानंतर संपूर्ण शिवारात एकाच वेळी सापळे लावावेत.