सरासरीमागें दडलेलें पीक : आयतालेख व घनतावक्र

सुगी उरकली कीं पहिला प्रश्न निघतो तो हा, कीं यंदा एकरीं सरासरी किती उतरली? आमची हयात महसुली दप्तरांत गेली. आणेवारी काय, पुढें आलेली पैसेवारी काय, सर्वांचा पाया सरासरीवरच. पैसेवारी पन्नासाच्या आंत आली तर गांवास टंचाईच्या सवलती मिळावयाच्या, बाहेर राहिली तर नाहीं. सन २०१६ मध्यें प्रधानमंत्री पीक विमा योजना निघाली, तींतही अधिसूचित क्षेत्राचें सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाशीं ताडून पाहण्याची रीत ठेविली. सरासरी खोटें बोलत नाहीं. परंतु ती पुष्कळ कांहीं पोटांत ठेविते. तें बाहेर काढणाऱ्या दोन आकृत्या या पाठांत समजून घ्यावयाच्या आहेत.

उदाहरण. आमच्या सारोळ्याच्या बाजूस नीरेकाठीं पाणी पोंचणारी जमीन आहे आणि वर केवळ पावसाच्या भरंवशावर राहणारीही आहे. अशा वीस भातखाचरांचें एकरी उत्पन्न क्विंटलांत पुढीलप्रमाणें आलें असें समजूं. हे आंकडे शिकण्यापुरते योजिले आहेत : ६, ७, ७, ८, ८, ८, ९, ९, १०, ११, १४, १५, १६, १६, १७, १७, १७, १८, १८, १९. बेरीज २५० आणि सरासरी साडेबारा. आतां वाचकांनीं ही यादी पुनः पाहावी. साडेबाराच्या जवळपास उतरलेलें खाचर एकही नाहीं! जी सरासरी सर्वांच्या नांवें लिहिली गेली, ती कोणाच्याच शेतांत पिकली नाहीं.

आयतालेख. चौकटीच्या कागदावर आडव्या रेषेवर उत्पन्नाचे सारखे वर्ग पाडावे : ६ ते ८, ९ ते ११, १२ ते १४, १५ ते १७, १८ ते २०. प्रत्येक वर्गांत किती खाचरें पडतात तें मोजावें. तीं अनुक्रमें ६, ४, १, ६ व ३ भरतात. तितक्या उंचीचे आयत एकमेकांस लागून उभे केले कीं आयतालेख झाला. मध्यें दरी आणि दोहों बाजूंस दोन टेंकाडें स्पष्ट दिसतात. या आकृतीचें इंग्रजी नांव ‘हिस्टोग्राम’ हें कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञानें रूढ केलें.

वर्गाची रुंदी निवडण्यांत मात्र मोठी खुबी आहे. एक ते दहा व अकरा ते वीस असे दोनच वर्ग पाडले तर नऊ व अकरा असे जवळजवळ सारखे आयत येतील, आणि दरी नाहींशी होईल. उलट एकेका क्विंटलाचा वर्ग केला तर करवतीच्या दात्यांसारखें चित्र उमटून कांहींच बोध होणार नाहीं. यास्तव दोन-तीन निरनिराळ्या रुंदीनें आलेख काढून पाहावा. जी गोष्ट सर्वांत टिकते तीच खरी मानावी.

घनतावक्र. हेंच काम आतां संगणकावर क्षणांत होतें. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठांत रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनीं आरंभिलेली ‘आर’ ही प्रणाली विनामूल्य मिळते. तींत आंकडे भरून ‘हिस्ट’ ही आज्ञा दिली कीं आयतालेख निघतो, आणि ‘डेन्सिटी’ या आज्ञेनें घनतावक्राची आंखणी होते. प्रत्येक आंकड्यावर मातीचा एक लहानसा ढीग घालावा आणि सर्व ढीग एकत्र मिळून जी कड तयार होईल ती पाहावी, असें या वक्राचें स्वरूप आहे. ढीग किती पसरट घालावयाचा, हें येथें वर्गाच्या रुंदीच्या जागीं समजावें. बेताचा ठेविला तर दोन टेंकाडें राहतात. फार पसरला तर दोन्हीं मिळून एकच टेंकाड होतें आणि पुनः फसगत होते.

नवशिके एक चूक हटकून करितात. आयतालेख खाचरांच्या संख्येवर काढून त्यावरच वक्र ठेवितात, आणि वक्र तळाशीं चिकटून बसला म्हणून गोंधळतात. वक्राखालील एकूण क्षेत्रफळ एक असतें. म्हणून आयतांची उंचीही घनतेंत घ्यावी. पहिल्या वर्गांत ६ खाचरें, एकूण २०, वर्गाची रुंदी ३. तेव्हां उंची ६ भागिले ६०, म्हणजे ०.१. आतां दोन्हीं आकृत्या एकाच मापांत आल्या.

सावधगिरी. वरील आंकड्यांचा वक्र ‘आर’नें आपल्या ठराविक रीतीनें काढिला तर त्याची शेपटी शून्याच्याही किंचित् खालीं जाते. शून्याहून कमी भात कोणाच्या खळ्यावर येतें? वक्र ही सोईची आकृती आहे, मोजलेली वस्तु नव्हे. दुसरें असें, कीं आंकडाच सदोष असला तर चित्र सुबक काढून उपयोग नाहीं. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं पीक कापणीच्या पाहणींत दाखवून दिलें, कीं फार लहान तुकडा कापून काढलेलें उत्पन्न खऱ्याहून अधिक भरतें. म्हणून कापणीचा तुकडा कोणता आणि केवढा, तो डोळ्यांस चांगला दिसला म्हणून निवडला कीं चिठ्ठी टाकून, हें आधीं विचारावें.

दोन टेंकाडें दिसलीं म्हणून पाण्यासच कारण ठरवूं नये. वाण निराळा असेल, लावणी उशिरां झाली असेल, खत कमी पडलें असेल. प्रत्येक आंकड्यासमोर या गोष्टी लिहून ठेवाव्या, गट पाडावे आणि गटागटाचा आलेख पुनः काढावा. मग कारण कोठें आहे याचा माग लागतो.

सभासदांस आमची विनंति एवढीच, कीं येत्या सुगीस प्रत्येकानें खाचरवार उत्पन्नाची नोंद ठेवावी आणि गांवाची सरासरी सांगतांना तिच्या शेजारीं आयतालेखही लावावा. आम्हीं स्वतः अशा सरासऱ्या पुष्कळ वर्षें लिहिल्या. त्यांच्या खालच्या टेंकाडावर कोण उभें होतें, हें पाहण्याची संवय आम्हांस उशिरां लागली. वाचकांस ती आधीं लागावी.